हातचा एक : मनातल्या पाटीच्या शोधाचा इतिहास

(१) ४८ आणि ३७ यांची बेरीज कागद न घेता करून पाहा. आठ आणि सात पंधरा. पंधरातले पाच, हातचा एक. चार आणि तीन सात, हातचा मिळवून आठ. उत्तर पंच्याऐंशी. या चार-पाच सेकंदांत तो ‘हातचा एक’ नेमका कोठे होता? तो कागदावर नव्हता, बोटांवर नव्हता, आणि उत्तर हाती येताच नाहीसाही झाला. त्या जागेचा पत्ता लावण्यात मानसशास्त्राची जवळजवळ नव्वद वर्षे गेली. त्या शोधाचा हा इतिहास. #थ्रेड

(२) त्या जागेला आज कार्यरत स्मृती म्हणजेच वर्किंग मेमरी म्हणतात. तिची कामे दोन : माहिती काही क्षण धरून ठेवणे आणि धरलेल्या माहितीवर त्याच वेळी काम करणे. संशोधकांनी यांतले पहिले काम आधी मोजले, कारण ते मोजणे सोपे होते. दुसरे कितीतरी काळ मागेच राहिले. मधल्या काळात पहिल्या मोजणीतून निघालेला आकडा मुलांची बुद्धी जोखण्यासाठी वापरात आला. त्यामुळे ही गोष्ट केवळ प्रयोगशाळेची राहत नाही.

(३) आरंभ जर्मनीत. १८८५ साली हेर्मान एबिंगहाउस यांनी स्मृतीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रयोग करणारे तेच आणि प्रयोगाचा विषयही तेच. अर्थ नसलेल्या अक्षरजुळण्यांच्या याद्या ते पाठ करीत आणि किती काळाने किती विसरल्या याची नोंद ठेवीत. एकदाच वाचून आपल्याला सुमारे सात जुळण्या बिनचूक म्हणता येतात, असे त्यांना आढळले. त्यांचे मुख्य लक्ष दीर्घकाळच्या विसरण्याकडे होते. सातचा हा आकडा मात्र पुढे फार गाजणार होता.

(४) दोनच वर्षांनी, १८८७ मध्ये, लंडनच्या जोसेफ जेकब्स यांनी ‘माइंड’ या नियतकालिकात एक निबंध लिहिला. नॉर्थ लंडन कॉलेजिएट स्कूल या मुलींच्या शाळेत त्यांनी विद्यार्थिनींना अंकांच्या आणि अक्षरांच्या रांगा एकदाच ऐकवल्या आणि त्याच क्रमाने परत म्हणायला सांगितले. रांग वाढवत नेली की एका टप्प्यावर गाडी अडते. तो टप्पा म्हणजे स्मृतिविस्तार. सरासरी आली अंकांसाठी सुमारे ९.३ आणि अक्षरांसाठी ७.३.

(५) इतिहासप्रेमींना जेकब्स यांचे नाव वेगळ्या कारणाने ठाऊक असेल. ‘इंग्लिश फेअरी टेल्स’ (१८९०) आणि ‘इंडियन फेअरी टेल्स’ (१८९२) हे लोककथासंग्रह याच गृहस्थांचे. लोककथांकडे वळण्यापूर्वी त्यांनी केलेल्या या छोट्या प्रयोगात आणखी एक निरीक्षण होते : वय वाढते तसा विस्तार वाढतो, आणि वर्गात वरचा क्रमांक असणाऱ्या मुलींचा विस्तार अधिक असतो. पुढचा सगळा गुंता या दुसऱ्या वाक्यातून निर्माण झाला.

(६) फ्रान्सिस गाल्टन यांनी लगेच हीच कसोटी इंग्लंडमधील अर्ल्सवूड येथील मतिमंदांच्या आश्रमात लावून पाहिली. तेथे विस्तार फारच कमी भरला. मग हा आकडा आणि बुद्धी यांची सांगड पक्की होत गेली. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि तेओडोर सिमाँ यांनी बुद्धिमापनाची जी श्रेणी तयार केली, तीत अंक परत म्हणण्याची पायरी होती. १९३९ साली अमेरिकेत डेव्हिड वेक्स्लर यांनी रचलेल्या चाचणीतही ती आली आणि पुढील आवृत्त्यांतून टिकून राहिली.

(७) ही लाट आपल्याकडेही पोहोचली. व्ही. व्ही. कामत यांनी बिने श्रेणीचे कन्नड व मराठी भाषक मुलांसाठी रूपांतर केले आणि त्याचा वृत्तान्त १९३४ साली ब्रिटिश शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ‘बिने-कामत चाचणी’ हे नाव भारतातील मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही परिचित आहे. कामतांनी परदेशी प्रश्न नुसते भाषांतरित केले नाहीत. इथल्याच मुलांवर तपासून त्यांचे प्रमाणीकरण केले. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे वेल्समध्ये त्याची गरज पडणार आहे.

(८) आकड्यांच्या या व्यवहारापासून दूर, अमेरिकेत विल्यम जेम्स यांनी १८९० साली एक वेगळी वाट दाखवली होती. जाणिवेच्या प्रकाशातून अजून बाहेर पडलेलेच नाही, त्याला त्यांनी ‘प्राथमिक स्मृती’ म्हटले. एकदा विसरून पुन्हा आणावे लागते, ती दुय्यम स्मृती. आताच ऐकलेल्या वाक्याचा आरंभ शेवट ऐकेपर्यंत मनात असतो, म्हणून तर वाक्य कळते. विचार सुंदर होता. पण पुढची काही दशके वर्तनवादाच्या प्रभावाची होती. मनात काय चालते हा प्रश्नच तेव्हा अशास्त्रीय ठरला आणि जेम्स यांचे हे सूत्र बाजूला पडले.

(९) १९५६ साली जॉर्ज मिलर यांनी त्या प्रश्नाला पुन्हा प्रतिष्ठा दिली. त्यांच्या गाजलेल्या निबंधाच्या शीर्षकातच ‘सात, अधिक-उणे दोन’ हा जादुई आकडा आहे. लोकांच्या ध्यानात तो आकडाच राहिला. निबंधाचा खरा गाभा वेगळा होता : स्मृतीची मर्यादा अंकांची किंवा अक्षरांची नसून गठ्ठ्यांची असते, आणि गठ्ठा केवढा बांधायचा हे आपल्या पूर्वज्ञानावर ठरते.

(१०) हे आपल्या उदाहरणाने पाहू. १६३०१६७४१८१८. बारा अंकांची ही रांग एकदा ऐकून परत म्हणणे जवळजवळ कोणालाच जमणार नाही. पण हा थ्रेड वाचणाऱ्याला ती क्षणात पाठ होईल : शिवरायांचा जन्म, राज्याभिषेक आणि पेशवाईचा अस्त. बारा अंकांचे तीन गठ्ठे झाले. महाराष्ट्राचा इतिहास ठाऊक नसणाऱ्याला तेच बारा अंक बाराच राहतात. दोघांच्या मनातली जागा तेवढीच. फरक पडला तो आधी शिकलेल्या गोष्टींचा.

(११) ही जागा किती लवकर रिकामी होते? १९५८ मध्ये इंग्लंडमधील जॉन ब्राऊन आणि १९५९ मध्ये अमेरिकेतील लॉइड व मार्गारेट पीटरसन हे दांपत्य यांनी स्वतंत्रपणे ते तपासले. पीटरसन यांची रीत साधी होती. तीन व्यंजने ऐकवायची, आणि लगेच एका संख्येतून तीन-तीन वजा करत उलटे मोजायला लावायचे. मनातल्या मनात घोकणे बंद पडल्यावर १८ सेकंदांत ती तीन अक्षरे आठवण्याचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास घसरले.

(१२) घोकणे म्हणजे काय, याचा उलगडा टपाल खात्याच्या कामातून झाला. केंब्रिजचे आर. कॉनराड टेलिफोन क्रमांक आणि सांकेतिक अंक यांवर ब्रिटिश टपाल खात्यासाठी संशोधन करीत. १९६४ साली त्यांनी दाखवले की अक्षरे डोळ्यांनी वाचली तरी आठवताना होणाऱ्या चुका कानाच्या असतात. ‘बी’च्या जागी ‘व्ही’ येतो, कारण दोन्हींचा उच्चार जवळचा. आकार मात्र मुळीच सारखा नाही. पाहिलेले अक्षर आपण मनात उच्चारून धरून ठेवतो, असा याचा अर्थ.

(१३) ‘वर्किंग मेमरी’ हा शब्द मिलर, गॅलंटर आणि प्रिब्रॅम यांच्या १९६० सालच्या पुस्तकात आला. १९६८ मध्ये रिचर्ड अ‍ॅटकिन्सन आणि रिचर्ड शिफ्रिन यांनी तोवरचे ज्ञान एका आराखड्यात बसवले. इंद्रियांकडून आलेली माहिती आधी अल्पकालीन कोठीत येते आणि तेथून दीर्घकालीन कोठारात जाते. त्यांनी अल्पकालीन कोठीलाच काम करणारी स्मृतीही मानले. वाड्याच्या देवडीसारखी ही रचना होती : आत जायचे तर देवडीतूनच.

(१४) या देवडीचा एक मोठा पुरावा एका माणसाच्या आयुष्यातून मिळाला होता. १९५३ साली अमेरिकेतील हार्टफर्ड येथे शल्यविशारद विल्यम स्कोव्हिल यांनी अपस्मार थांबवण्यासाठी हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला भाग काढला. त्यात हिप्पोकॅम्पसचा मोठा अंश होता. झटके कमी झाले, पण त्यानंतर घडलेले नवे काहीही त्याच्या लक्षात राहीना. २००८ मध्ये मृत्यू होईपर्यंत तो शास्त्रीय लेखनात ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनीच ओळखला गेला.

(१५) ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला एकदा ५८४ हा आकडा लक्षात ठेवायला सांगितले. पंधरा मिनिटांनी तो बिनचूक म्हणाला. कसे? तिन्ही अंकांची बेरीज १७, त्यातून ८ गेले, उरले ९, नऊचे दोन भाग ५ आणि ४, मध्ये ८. एवढा वेळ तो हेच मनात फिरवत होता. लक्ष दुसरीकडे वळले आणि थोड्याच वेळात आकडा तर गेलाच, आपल्याला काही लक्षात ठेवायला सांगितले होते हेही गेले. देवडी शाबूत होती, कोठाराची वाट बंद झाली होती.

(१६) मग लंडनमधून नेमके उलटे उदाहरण पुढे आले. मोटारसायकलच्या अपघातात मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झालेला एक तरुण, ‘के. एफ.’. एलिझाबेथ वॉरिंग्टन आणि टिम शॅलिस यांनी १९६९-७० मध्ये त्याच्यावरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. ऐकलेला एखादाच अंक तो खात्रीने परत म्हणू शके. दोन झाले की अडखळे. देवडीच कोसळली असेल तर कोठारात काही जाऊच नये. पण त्याची दीर्घकालीन स्मृती आणि नवे शिकणे ठीक होते! अ‍ॅटकिन्सन-शिफ्रिन यांच्या आराखड्याला येथे तडा गेला.

(१७) हे कोडे अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी हाती घेतले. त्यांनी नव्या रुग्णाचा शोध न घेता निरोगी माणसांचीच स्मृती काही काळ भरून टाकली. सहा अंक मनात धरायचे, आणि त्याच वेळी ‘अ हा बच्या आधी येतो’ यासारखे विधान समोरच्या ‘बअ’ या जोडीला लागू पडते की नाही ते सांगायचे. जागा एकच असेल आणि ती अंकांनी भरली असेल, तर विचार बंद पडायला हवा.

(१८) तो बंद पडला नाही. उत्तर द्यायला वेळ थोडा अधिक लागला, पण चुका फारशा वाढल्या नाहीत. म्हणजे अंक धरून ठेवणारा भाग आणि विचार करणारा भाग एकमेकांशी जोडलेले असले तरी एक नाहीत. १९७४ साली त्यांनी आपला आराखडा मांडला : उच्चार मनात फिरता ठेवणारे ध्वनिचक्र, आकार आणि जागा धरणारी दृश्यपाटी, आणि लक्ष कोठे द्यायचे ते ठरवणारा केंद्रीय कारभारी. के. एफ.चे मुख्यतः ध्वनिचक्र बिघडले होते. बाकीचे दोन भाग काम करीत होते, म्हणून त्याचे आयुष्य थांबले नाही.

(१९) ‘हातचा एक’ही याच काळात प्रयोगशाळेत आला. हिच यांनी १९७८ साली तोंडी बेरजांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. माणसे मोठी बेरीज पायरीपायरीने करतात. मधल्या पायरीचे उत्तर जितका वेळ वापराविना धरून ठेवावे लागते, तितकी ते निसटण्याची शक्यता वाढते. मनात धरलेली आकडेमोड चुकते, ती अनेकदा गणित येत नाही म्हणून नव्हे, तर अर्ध्या वाटेवरचा आकडा सांडला म्हणून. वर्गात छडी खाणाऱ्या किती पिढ्यांना हे कोणी सांगितले असते तर!

(२०) आता पुन्हा स्मृतिविस्ताराकडे. १९७५ मध्ये बॅडली, थॉमसन आणि ब्युकॅनन यांनी दाखवले की लांब शब्दांपेक्षा आखूड शब्द अधिक संख्येने लक्षात राहतात. सुमारे दोन सेकंदांत जेवढे उच्चारता येते, तेवढे आपण धरू शकतो. ध्वनिचक्राची फेरी एवढीच. मग ओघाने प्रश्न येतो : ज्या भाषेत अंकांची नावेच लांब आहेत, त्या भाषेतल्या मुलाचे काय?

(२१) एन. सी. एलिस आणि आर. ए. हेनेली यांनी १९८० मध्ये हाच प्रश्न वेल्समध्ये विचारला. इंग्रजी आणि वेल्श दोन्ही भाषा बोलणाऱ्यांचा अंकविस्तार वेल्शमध्ये कमी भरत होता. कारण बुद्धीत नव्हते. वेल्श अंकांचा उच्चार करायला वेळ अधिक लागत होता. तोंडाने दुसरेच काही पुटपुटत ठेवून मनातले घोकणे अडवले, तेव्हा दोन भाषांमधला तो फरकच नाहीसा झाला.

(२२) याचे परिणाम गंभीर होते. इंग्रजी मुलांवरून ठरवलेले निकष वेल्शमध्ये अंक म्हणणाऱ्या मुलाला लावले, तर ते मूल कारण नसताना मंद ठरू शकते. जेकब्स यांच्या शाळेतून निघालेला आकडा माणसाच्या बुद्धीइतकाच त्याच्या भाषेचाही होता, हे कळायला ९३ वर्षे लागली. परक्या भाषेतील चाचणीचे शब्द बदलून भागत नाही, आपल्या मुलांवर ती नव्याने तपासावी लागते. कामतांनी घेतलेल्या कष्टांचे मोल येथे ध्यानात येते.

(२३) त्याच १९८० साली अमेरिकेतून आणखी एक धक्का आला. के. अँडर्स एरिक्सन आणि विल्यम चेस यांनी स्टीव्ह फॅलून या सामान्य महाविद्यालयीन तरुणाला दीड वर्षाहून अधिक काळ सराव दिला. त्याचा विस्तार सातवरून सुमारे ८० अंकांवर गेला! तो धावपटू होता आणि अंकांचे गठ्ठे शर्यतींच्या वेळा म्हणून बांधत असे. अंकांऐवजी अक्षरे दिली, तेव्हा तोच तरुण पुन्हा सहाच्या आसपास आला. पाटी वाढली नव्हती. तिच्यावर लिहिण्याची युक्ती बदलली होती.

(२४) मराठी मुलाच्या पाटीवर काय घडते? ‘त्रेपन्न’ लिहायला सांगा. कानावर आधी तीनची खूण पडते, मग पन्नासची. लिहायचे मात्र आधी पाच. म्हणजे तीन हातचा ठेवून पाचची वाट पाहायची. ‘एकोणसाठ’ तर त्याहून अवघड : ऐकायचे साठ, त्यातून एक उणा करायचा आणि लिहायचे ५९. जर्मनमध्येही एकक आधी आणि दशक नंतर बोलतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑस्ट्रियातील पहिलीच्या मुलांच्या संख्यालेखनातील सुमारे निम्म्या चुका या उलटापालटीशी निगडित आढळल्या, आणि त्यांचा संबंध कार्यरत स्मृतीशी दिसला.

(२५) २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस दोन’, ‘सत्तर तीन’ असे दशक आधी सांगणारे संख्यावाचन आले, तेव्हा विधानसभेपासून समाजमाध्यमांपर्यंत खिल्ली उडाली. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी भूमिका मांडली : जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची नावे लहान मुलांना अवघड जातात; इंग्रजीत आणि दक्षिणेच्या भाषांत दशक आधीच बोलतात. जुनी नावे भाषेचे वैभव आहेत, ही बाजूही खरी. पण तो वाद रंगला तो अस्मितेवर. सात वर्षांच्या मुलाला मनात एकाच वेळी किती धरावे लागते, हा प्रश्न त्यात क्वचितच कोणी विचारला.

(२६) शोध थांबलेला नाही. २००० साली बॅडली यांनी आपल्या आराखड्यात चौथा भाग जोडला : वेगवेगळ्या वाटांनी आलेली माहिती एका प्रसंगात गुंफून धरणारा. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी असे प्रतिपादन केले की घोकणे आणि गठ्ठे बांधणे यांची मदत काढून घेतली, तर मूळ मर्यादा सुमारे चारच गठ्ठ्यांची आहे. मिलर यांचे सात आता चारवर आले आहेत. ज्या पाटीवर आपण वाक्ये समजून घेतो, बेरजा करतो आणि वादही घालतो, ती एवढीच आहे.

(२७) आपल्याला एकोणतीस ते एकोणनव्वद कसे शिकवले गेले, आणि त्यात कोठे अडायला होई, हे खाली जरूर लिहा. घरात पहिली-दुसरीतले मूल असेल तर त्याला ‘त्रेपन्न’ लिहायला सांगून पाहा. उत्तर ३५ आले, तर रागावण्यापूर्वी ऐकू आलेला तीन त्याने कोठे ठेवला असेल, याचा क्षणभर विचार करा.

#इतिहास #मानसशास्त्र #मराठी